पडत्या फळाचा माग

पडत्या फळाची आज्ञा मानणारे लोक जगात पुष्कळ. पडत्या फळाला उलट प्रश्न विचारणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. पन्नास फुटी माडावरून सुटलेला नारळ सुमारे पावणेदोन सेकंदांत जमीन गाठतो. तो सुटला हे आपल्याला दिसते, आदळला हे ऐकू येते. मधल्या पावणेदोन सेकंदांत त्याने नेमके काय केले याचा मात्र डोळ्याला पत्ता लागत नाही. ‘नारळ पडला’ हा भूतकाळ सर्वांच्या परिचयाचा. ‘नारळ पडतो आहे’ हा वर्तमानकाळ फारच थोड्यांनी नीट पाहिला आहे.

हा वर्तमानकाळ पकडण्यासाठी माणसाने चारशे वर्षे काय काय खटपटी केल्या आणि आज तो पकडण्याचे साधन शाळकरी मुलाच्या हाती कसे आले, याची हकिकत मोठी मनोरंजक आहे. मी आयुष्याची बरीच वर्षे महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवली. त्यामुळे या हकिकतीत माझा जीव थोडा अधिक गुंतलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी वर्गात एक प्रश्न विचारीत असे. चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला तो क्षणभर थांबला. त्या क्षणी त्याचा वेग किती? ‘शून्य,’ असे सारा वर्ग एका सुरात म्हणे, आणि ते बरोबरच होते. मग त्या क्षणी त्याचे त्वरण किती? पुन्हा तितक्याच आत्मविश्वासाने ‘शून्य’! त्वरण खरोखरीच शून्य असते, तर चेंडू तिथेच लोंबकळत राहिला असता, आणि आपण त्याला नमस्कार करून घरी गेलो असतो. हीच मुले न्यूटनचे तिन्ही नियम घडाघडा म्हणून दाखवीत. म्हणजे नियम जिभेवर होता आणि डोक्यात मात्र ॲरिस्टॉटल मांडी घालून बसला होता.

प्रयोगशाळेतली तऱ्हा याहून निराळी नव्हती. लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वाचे त्वरण काढायचे असे. उत्तर ९८० च्या आसपास यायला हवे हे पुस्तकात छापलेले. तेव्हा हुशार मुले आधी उत्तर लिहीत आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणे उलट गणिताने तयार करीत. ही लबाडी आपल्याकडच्या किती प्रयोगवह्यांत दडली आहे, ते वह्याच जाणोत. पण तिचे मूळ मुलांच्या स्वभावात नाही. निसर्गाला विचारून उत्तर मिळते, यावर त्यांचा विश्वासच बसलेला नसतो. उत्तर पुस्तकात असते. निसर्ग केवळ सही करण्यापुरता!

ॲरिस्टॉटलचे म्हणणे असे की जड वस्तू हलकीपेक्षा वेगाने पडते. हे मत दोन हजार वर्षे टिकले ते केवळ त्याच्या दबदब्यामुळे नव्हे. पान आणि दगड एकदम सोडून पाहा. डोळा ॲरिस्टॉटलच्याच बाजूने साक्ष देतो. ही साक्ष फिरवायची तर पडण्याची घाई कमी करायला हवी, हे गॅलिलिओने ओळखले. त्याने सुमारे बारा हात लांबीची लाकडी फळी घेतली, तिच्यात सरळ गुळगुळीत खोबण कोरली, तिला आतून चर्मपत्र लावले आणि फळी किंचित तिरपी करून तीवरून काशाची गोळी सोडली. उतारावर पडणे मंदावते, पण त्याचा स्वभाव बदलत नाही. वेळ मोजायला त्याच्यापाशी घड्याळ नव्हते. उंचावर ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून एक बारीक धार खालच्या पेल्यात सोडायची आणि गोळी घरंगळेपर्यंत साठलेले पाणी तराजूत तोलायचे, अशी त्याची युक्ती. आपल्या लग्नमंडपातल्या घटिकापात्राचा हा इटालियन चुलतभाऊच म्हणायचा.

हे प्रयोग शंभर शंभर वेळा केल्याचे तो लिहितो. त्याचा हा ग्रंथ १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन येथे प्रसिद्ध झाला. निघालेले उत्तर असे देखणे आहे की ते कुणालाही पाठ होईल. वेळेचे सारखे तुकडे पाडले, तर पहिल्या तुकड्यात गोळी जेवढी जाते, त्याच्या तिप्पट दुसऱ्यात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात. एक, तीन, पाच, सात. विषम संख्यांची ही माळ निसर्गाने उतारावर ओवून ठेवली होती. आणि आडवा फेकलेला गोळा याच हिशेबाने खाली येत अन्वस्त नावाची वक्ररेषा काढतो, हेही गॅलिलिओने त्याच ग्रंथात दाखवून दिले.

गॅलिलिओने वस्तूची गती मंद केली. क्षणच पकडून ठेवण्याची युक्ती निघायला मात्र छायाचित्रणाची कला यावी लागली. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि दौडणाऱ्या घोडीची एकामागून एक चित्रे घेतली. घोड्याचे चारी पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा रसिकांचा जुना वाद. ते सुटतात, पण चित्रकार दाखवीत तसे पुढेमागे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. शतकानुशतके माणूस घोड्यावर बसला, पण घोड्याचे पाय त्याला पहिल्यांदा दिसले ते तेव्हा!

त्यानंतर चारच वर्षांनी, १८८२ मध्ये, फ्रान्सच्या एटिएन-ज्यूल मारे याने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. तो सेकंदाला बारा चित्रे टिपी. उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा. पक्षी सुखरूप राही आणि त्याचे उडणे तेवढे हाती लागे. पुढे मारे एकाच काचेवर सारख्या अंतराने अनेक ठसे घेऊ लागला. माणसाची चाल, चेंडूची उसळी, सारे एका काचेवर ठिपक्याठिपक्यांनी उमटू लागले. मायब्रिजची चित्रे पाहायची होती. मारेची चित्रे मोजायची होती. आपल्या विषयाचा खरा मूळपुरुष मारेच होय.

याच खटपटीतून चित्रपट जन्माला आला, आणि चित्रपट करमणुकीच्या बाजारात निघून गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. त्यांनी भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, कॅमेरा मागवून १८९९ साली हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली. १९०१ साली त्यांनी केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचे स्वागतही टिपले. म्हणजे आपल्याकडच्या अगदी पहिल्या वार्तापटांतल्या एकाचा नायक गणिती होता. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या कोंबाची चित्रे महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी टिपली आणि कोंब डोळ्यांदेखत वाढताना दाखवला. मारेने क्षण ताणून लांब केला, फाळक्यांनी महिना आवळून एका क्षणात बसवला. काळाला हवे तसे वाकवता येते, ही विद्या महाराष्ट्राच्या घरात चित्रपटाच्या पहिल्या पावलाबरोबरच आली होती. ती शाळेत मात्र लवकर शिरली नाही.

शाळेत ती शिरली अमेरिकेत, आणि तीही एका भीतीपोटी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जेरॉल्ड झकारियस या शास्त्रज्ञाने १९५६ साली शाळांतले पदार्थविज्ञान नव्याने रचण्यासाठी एक समिती उभारली. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. आपली मुले मागे पडली या धास्तीने अमेरिकन सरकारने थैली मोकळी केली. त्याच संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी लखलखणाऱ्या दिव्याचे, म्हणजे स्ट्रोबोस्कोपचे, तंत्र पूर्णत्वाला नेले होते. अंधारात चेंडू फेकायचा आणि त्यावर ठरावीक अंतराने प्रकाशाचे झटके द्यायचे, म्हणजे एकाच चित्रात चेंडू पुन्हा पुन्हा उमटतो. बेरेनिस ॲबट या थोर छायाचित्रकार स्त्रीने १९५८ पासून या समितीसाठी अशी चित्रे काढली, आणि ती १९६० च्या पाठ्यपुस्तकात शोभून दिसली. विद्यार्थ्याने पुस्तकातल्याच चित्रावर मोजपट्टी ठेवायची आणि एक, तीन, पाच, सात स्वतः मोजायचे. पुस्तक प्रथमच ‘मी सांगतो ते ऐक’ असे न म्हणता ‘मोजून पाहा’ असे म्हणाले. हा बदल लहान नव्हे.

त्यानंतर आठ मिलिमीटर फिल्मची छोटी वेटोळी आली, मग लेसरने वाचायच्या चकत्या आल्या. १९४० साली वाऱ्याने हेलकावे खाऊन कोसळलेल्या टॅकोमा नॅरोज पुलाचे चित्रण अशाच एका चकतीवर विद्यार्थ्यांपुढे ठेवले गेले. मुले दूरदर्शन संचाच्या काचेवर पारदर्शक कागद चिकटवीत, चित्र एकेक चौकट पुढे सरकवीत आणि पेनाने ठिपके देत. सध्याच्या सॉफ्टवेअरचा सगळा कारभार या कागदात बीजरूपाने होता. फक्त कागदाची जागा १९९० नंतरच्या दशकात संगणकाने घेतली. या शतकात कॅलिफोर्नियातल्या कॅब्रिलो कॉलेजचे डग्लस ब्राउन यांनी ‘ट्रॅकर’ नावाचे सॉफ्टवेअर तयार करून ते फुकट उपलब्ध करून दिले. जगभरच्या शाळा आज ते वापरतात.

त्याचे काम समजायला सोपे आहे. साधा मोबाइल सेकंदाला तीस चित्रे घेतो. चेंडू सोडताना मागे एक मीटरची पट्टी उभी करायची आणि चित्रण करायचे. संगणकाला सांगायचे, ही पट्टी म्हणजे एक मीटर. मग एकेक चौकट पुढे नेत चेंडूवर ठिपका द्यायचा. दर तिसऱ्या चौकटीला दशांश सेकंद होतो. पडत्या चेंडूची दशांश सेकंदातली अंतरे ४.९, १४.७, २४.५, ३४.३ सेंटिमीटर यांच्या आसपास येतात. पहिल्या आकड्याने बाकीच्यांना भागून पाहा: तीन, पाच, सात! गॅलिलिओने तराजूत पाणी तोलून जे मिळवले, ते आता मिळायला अर्धा तासही पुरतो.

पण इथेच थांबले तर ही केवळ अधिक चपळ मोजपट्टी होईल. शिवाय या मोजपट्टीत एक खोड आहे. ठिपक्यांवरून वेग काढायचा, वेगावरून त्वरण. म्हणजे वजाबाकीची वजाबाकी. तीस चौकटींच्या हिशेबात एखादा ठिपका एक सेंटिमीटरने हलला, तर त्वरणात खुद्द गुरुत्वाएवढी, क्वचित त्याच्या दुप्पट चूक शिरते. बिचाऱ्या विद्यार्थ्याचा त्वरणाचा आलेख वादळातल्या होडीसारखा वरखाली होतो, आणि तो पुन्हा ९८० च्या लबाडीकडे वळतो.

यावरचा उपाय म्हणजे हिशेब उलट्या बाजूने मांडणे. ब्राउन आणि त्यांच्या सहकारी ॲन कॉक्स यांनी २००९ साली एका लेखात तो शिक्षकांपुढे ठेवला. ठिपक्यांवरून बल शोधण्याऐवजी बलाचा अंदाज आधी बांधायचा. ‘या वस्तूवर अमुक बल आहे’ एवढेच विद्यार्थ्याने लिहायचे. संगणक त्या बलाला वस्तुमानाने भागून त्वरण काढतो, त्वरणावरून पुढच्या क्षणाचा वेग, वेगावरून पुढच्या क्षणाची जागा. आलेल्या जागेवरून पुन्हा तेच. सावकाराच्या वहीत चक्रवाढ व्याज चढते, तसाच हा प्रकार. अशी पावलापावलाने गणिते सोडवण्याची रीत ऑयलरने १७६८ साली ग्रंथात मांडली होती. रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळातल्या आपल्या व्याख्यानांत साध्या कोष्टकाच्या आधारे याच रीतीने सूर्याभोवती ग्रह फिरवून दाखवला. नवे इतकेच की संगणक विद्यार्थ्याच्या अंदाजातली वस्तू खऱ्या चित्रणावरच रेखतो. खरा चेंडू आणि मनातला चेंडू एकाच पडद्यावर, एकाच वेळी सुटतात. अंदाज खरा असेल तर दोघे हातात हात घालून जातात. खोटा असेल तर त्यांची लगेच फारकत होते. यालाच प्रतिमान मांडणे म्हणतात.

या फारकतीची किंमत मला एका दिवाळीच्या सुट्टीत कळली. माझी नात तेव्हा अकरावीत होती. मिठाईच्या पेट्यांतल्या चुणीदार कागदी वाट्या घरात पसरल्या होत्या. त्यातली एक वाटी तिने माळ्यावरून सोडली आणि मी चित्रण केले. तिने बलाच्या जागी फक्त वाटीचे वजन लिहिले. पडद्यावर मनातली वाटी सपकन खाली आली. खरी वाटी आपली निवांत तरंगत होती.

‘आजोबा, ही वाटी माझं ऐकतच नाही!’ ती वैतागून म्हणाली.

‘मग तू तिचं ऐक,’ मी म्हटले.

तिने हवेचा विरोध मिळवला. आधी वेगाच्या प्रमाणात. एक आकडा जरा पुढेमागे केल्यावर एका वाटीचे जुळले. मग मी एकात एक बसवलेल्या चार वाट्या सोडायला सांगितल्या. तोच आकडा ठेवला तर जुळेना. शेवटी विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला, तेव्हा एकाच आकड्याने एक वाटी, दोन वाट्या आणि चार वाट्या सगळ्याच रांगेत आल्या. चौपट वजनाला अखेरचा वेग चौपट नव्हे, दुप्पट! पुस्तकातले उत्तर पाहण्याची तिला आठवणही झाली नाही. दुपारचे जेवण मात्र तासभर लांबले, आणि त्याबद्दल आम्हा दोघांना तिच्या आजीची बोलणी खावी लागली.

अशा शिकण्याने खरोखर फरक पडतो का, हा प्रश्न रास्त आहे. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे डेव्हिड हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली सुमारे तीस साध्या प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात गणित नाही. माझ्या चेंडूच्या प्रश्नासारखे रोजच्या बुद्धीला चकवणारे प्रश्न आहेत. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये तिच्या आधारे ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचा हिशेब मांडला. जेवढे शिकायचे शिल्लक होते, त्यातले केवळ व्याख्याने ऐकणाऱ्यांनी सरासरी २३ टक्के मिळवले; स्वतः हात घालून, आपसांत वाद घालून शिकणाऱ्यांनी ४८ टक्के. हा आकडा केवळ व्हिडिओचा नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण १९९६ साली रॉबर्ट बाइकनर यांनी खास व्हिडिओच्या वापराचाच अभ्यास केला. त्यांनाही आढळले की शिक्षकाने एकदा दाखवून सोडून दिले तर फारसे काही हाती लागत नाही. मुलांनी स्वतः मोजले आणि तो प्रकार अभ्यासक्रमात पुरता मुरला, तरच आलेख वाचण्याची समज वाढते.

तेव्हा यंत्राला देव मानण्याचे कारण नाही. कॅमेरा तिरपा धरला तर अंतरे खोटी येतात. पट्टी चेंडूच्या रेषेत नसून मागच्या भिंतीला टेकवली तरी खोटी येतात. चेंडू फार वेगाने गेला तर ठिपक्याऐवजी लांबट डाग उमटतो. शिवाय कळ दाबताच आलेख निघतो, म्हणून मेंदूला सुट्टी देण्याचा मोहही तितकाच मोठा. कुठले बल लावायचे हे संगणक सांगत नाही. तो विचार विद्यार्थ्याचाच असावा लागतो, आणि त्यासाठी वर्गात शिक्षक लागतो.

मात्र एक गोष्ट या साधनाने निश्चित केली. अपोलो मोहिमांत चंद्रावर घेतलेली चित्रणे सर्वांना खुली आहेत. कोलोरॅडो विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१२ साली चांद्रगाडीच्या चाकांमागे उडालेल्या धुळीचा असाच माग काढला. हवा नसल्यामुळे ती धूळ लोळांनी न तरंगता शुद्ध अन्वस्त काढीत खाली येते, आणि तिच्यावरून चंद्राचे त्वरण आपल्या सुमारे एक षष्ठांश निघते. हेच चित्रण समोर घेऊन रत्नागिरीतली किंवा गडचिरोलीतली मुलगी चंद्राचे गुरुत्व स्वतः मोजू शकते. तिला ते कुणाच्या शब्दावर मान्य करावे लागत नाही. गॅलिलिओच्या फळीपासून चालत आलेल्या साऱ्या खटाटोपाचे सार मला यातच दिसते. वेगवेगळ्या शतकांनी वेगवेगळी यंत्रे आणली. मागणी एकच होती, की मला सांगू नका, मला पाहू द्या.

या सुट्टीत घरात मिठाईची पेटी रिकामी झाली, की वाचकांनी त्या कागदी वाट्या टाकून देऊ नयेत. पाच वाट्या घ्याव्यात. एक सुटी, चार एकात एक बसवलेल्या. सुटी वाटी तीन फुटांवरून, चारांचा गठ्ठा सहा फुटांवरून, दोन्ही एकदम सोडावेत. ती जवळजवळ एकदमच जमिनीला टेकतील. का, ते घरातल्या मुलांना विचारावे. आणि त्यांनी उत्तरासाठी पुस्तक उघडले, तर प्रेमाने ते मिटून वाट्याच पुन्हा त्यांच्या हातात द्याव्यात.